सैल सळई

"मला तर काही ऐकू येत नाही," नवरा म्हणाला, आणि मांडीवरची गिटार तिला एकदम जड वाटायला लागली. रविवारची दुपार होती. तो आतल्या खोलीतून खास ऐकायला म्हणून आला होता, चष्मा कपाळावर सरकवून, वर्तमानपत्राची घडी काखेत धरून. तिने पुन्हा तीच तार छेडली, तिसरी, पाचव्या पडद्यावर बोट दाबून. सूर निघाला, स्वच्छ पण बारीक, इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला न जोडता वाजवली की निघतो तसा. आणि त्या सुराच्या पोटात, अगदी आत, दुसरंच काहीतरी थरथरलं. बंद डबीत टाचणी हलावी तसं. "हे बघ, हे आत्ता," ती म्हणाली. त्याने वाकून कान लाकडाला जवळजवळ टेकवला, डोळे मिटले. तो खरंच मन लावून ऐकत होता. तिला ते दिसत होतं. त्याने टिंगल केली असती तर ती भांडली असती, भांडून मोकळी झाली असती. "नाही गं," तो सरळ होत हळूच म्हणाला, "मला नाही येत." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तो क्षणभर तसाच उभा राहिला. "दमली आहेस तू. हल्ली झोपही नीट होत नाही तुझी."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. वाक्यच काय, खांद्यावरचा तो हातसुद्धा ओळखीचा होता. ती शाळेत असताना, त्या जुन्या दोन खोल्यांच्या घरात, आईला भिंतीतून आवाज यायला लागला होता. मागच्या खोलीच्या भिंतीतून, कपाटाच्या बाजूने. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय, असं आई सांगायची. सुरुवातीला सगळ्यांनी हौसेने ऐकलं. बाबांनी भिंतीला कान लावला, दादाने पेला टेकवून ऐकलं, वरच्या मजल्यावरचे काका येऊन भिंत ठोकून गेले. ती स्वतः कपाटामागच्या फटीत शिरून, धुळीत गाल टेकून, श्वास रोखून उभी राहिली होती, आणि तिला आपल्याच छातीतली धडधड तेवढी ऐकू आली होती. मग हळूहळू सगळ्यांचं भिंतीकडे ऐकणं थांबलं आणि आईकडे बघणं सुरू झालं. स्वयंपाक करताना आई मध्येच थबकली की बाबा मान वर करून बघत. "आता, आता आहे बघा," आई म्हणे. "मला तर काही ऐकू येत नाही," बाबा म्हणत, आणि उठून तिच्या खांद्यावर हात ठेवत. "दमली आहेस तू." बाबा काही वाईट नव्हते. त्यांनी आईवर कधी आवाज चढवल्याचं तिला आठवत नाही. एके दिवशी दोघं चांगले कपडे घालून डॉक्टरांकडे गेली. परत आली तेव्हा बाबांच्या खिशात गोळ्यांची पाकिटं होती, आणि आईच्या हातात लेकीसाठी वाटेत घेतलेली निळी रिबीन. त्यानंतर आई लवकर झोपायला लागली. सकाळी उशिरा उठायची, आणि दुधावर साय धरावी तसं काहीतरी दिवसभर तिच्या नजरेवर धरलेलं असायचं. आवाजाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. बाबा नातेवाइकांना सांगत, "बरी झाली अगदी." ते सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं.

आई तेव्हा केवढी असेल? तिने हिशेब मांडला नाही. मांडायची गरजही नव्हती. आरशात बघितलं की हल्ली उत्तर मिळत होतं. नवरा पुन्हा आत गेला, पान उलटल्याचा आवाज आला. बघ, हा ऐकू येतो, तिने स्वतःशी म्हटलं. खालच्या रस्त्यावर कुणी मोटारीचं दार लावलं, तेही ऐकू आलं. तिने पुन्हा तार छेडली आणि पुन्हा आत ते थरथरलं. मग तिने तोच सूर खालच्या जाड तारेवर, वरच्या पडद्यावर बोट ठेवून काढला. तिथेही आलं. शेजारचा सूर काढला, नाही आलं. म्हणजे तार नव्हे, पडदाही नव्हे. त्या एका सुराला जागं होणारं काहीतरी होतं, एक तर गिटारमध्ये, नाहीतर तिच्यात. तिने छोटा अ‍ॅम्प जोडून तेच वाजवलं. सूर खोलीभर झाला आणि ते थरथरणं नाहीसं झालं. अ‍ॅम्प बंद केला की परत हजर. जे मोठ्याने ऐकवायला गेलं की नसतं आणि एकटीने कान लावला की असतं, त्याला लोक काय म्हणतात हे तिला पुरतं माहीत होतं.

गिटार घ्यायचं खूळ तिचं एकटीचं होतं. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या गिटारवर ती चार सूर वाजवायला शिकली होती, तेवढंच. मग लग्न, नोकरी, घर, आणि अचानक यंदा, मैत्रिणी गुडघ्यांबद्दल बोलायला लागल्यावर, तिला वाटलं की आता नाही तर कधीच नाही. इलेक्ट्रिक घेतली, कारण ती न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही कुणाला कळत नाही. दुकानातल्या माणसाला हे कारण सांगितलं तेव्हा तो हसला होता, म्हणाला, "मॅडम, लोक उलट्या कारणासाठी घेतात." शिकवायला येणारे सर तिच्या निम्म्या वयाचे, तिला मॅडमच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी गिटारच्या डोक्याकडचं एक छोटं भोक दाखवलं होतं. मानेच्या लाकडात उभी लोखंडी सळई असते, तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून. तिला ट्रस रॉड म्हणतात, आणि तिची चावी ह्या भोकात बसते. "हिला हात लावायचा नाही हं मॅडम," सर म्हणाले होते, "जास्त पिळली तर मान कामातून जाते. मग नवी घ्या." एल आकाराची ती चावी पिशवीच्या कप्प्यात आली होती तशीच, प्लास्टिकमध्ये, पडून होती. सरांना तिने त्याच रविवारी संध्याकाळी फोन केला. ते महिनाभर कुठल्यातरी वाद्यवृंदाबरोबर बाहेरगावी होते. तिने फोनजवळ धरून तो सूर वाजवला. "छान येतोय की," सर म्हणाले, "बोटं सुधारली तुमची."

सोमवारी कचेरीत तिने हेडफोन चढवले आणि पहिल्यांदाच तिला त्यांची भीती वाटली. तिचं कामच ऐकण्याचं. बैठकांची, चौकश्यांची, साक्षींची ध्वनिमुद्रणं यायची आणि ती ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा. जिथे शब्द लागत नाही तिथे कंसात 'अस्पष्ट' लिहायचं. तिच्या कागदांत ते क्वचितच दिसे. खोकल्याखालचा शब्द, दोन माणसं एकदम बोलत असतानाचा तिसऱ्याचा हुंकार, हे सगळं ती बरोबर उचलायची. कचेरीत तिला कानसेन म्हणत. कुणाला काही ऐकू आलं नाही की हेडफोन घेऊन तिच्या टेबलाशी यायचं, ही रीत होती. त्या दिवशी कुठल्याशा पुलाच्या कामाबद्दलची चौकशी चालू होती, आणि साक्षीदाराच्या बोलण्यामागे तिला बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. तिने मुद्रण थांबवलं. गुणगुण थांबली. सुरू केलं, सुरू झाली. म्हणजे ती मुद्रणातच असणार, पंख्याची नाहीतर दिव्याची. अशा शेकडो गुणगुणी तिने आजवर कानाआड केल्या होत्या. पण आज ती कानाआड होईना. 'होय' म्हणाला की 'सोय' म्हणाला? तिने मागे नेऊन ऐकलं, पुन्हा मागे नेऊन ऐकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारावं म्हणून ती अर्धी उठली आणि बसली. विचारलं आणि ती म्हणाली असती की मला तर गुणगुण ऐकू येत नाही, तर? दुपारी विभागप्रमुख बाई तिचे कागद घेऊन स्वतः टेबलाशी आल्या. "आज एवढे अस्पष्ट?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, आश्चर्याने. "बरं नाहीये का?" ती म्हणाली, मुद्रण खराब आहे. बाईंनी हेडफोन उचलून कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि काहीच न बोलता खाली ठेवला. ते न बोलणं तिला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी नवऱ्याने तिच्यासाठी चहा करून ठेवला होता. चहा बघूनच तिला कळलं की काहीतरी ठरवून झालेलं आहे. "गुरुवारची वेळ मिळाली," तो कपाकडे बघत म्हणाला. "कानाच्या डॉक्टरांची. नुसती तपासणी."

"बरं."

"आणि त्यांना वाटलं तर ते पुढे दुसऱ्या कुणाकडे पाठवतील. तसं म्हणाले. त्यात काही नसतं हल्ली."

"दुसऱ्या कुणाकडे म्हणजे?"

"अगं, म्हणजे... ताण असतो, वय असतं. तूच म्हणतेस ना झोप येत नाही." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "तुझ्या आईचं कसं, वेळेवर उपचार झाले म्हणून निभावलं. बाबा सांगायचे मला."

तिने हात काढून घेतला नाही. हात काढून घेतला तर तेही कुठेतरी जमा होईल असं तिला वाटलं. आपण कसं बसतो, किती वेळा मागे वळून बघतो, बोलताना मध्येच थांबतो का, हे सगळं आता बघितलं जाणार. आई स्वयंपाक करताना थबकायची. आता ती स्वतः गॅससमोर उभी राहून न थबकण्याची काळजी घ्यायला लागली, आणि त्यामुळे दोनदा हातातला डाव खाली पडला. "राहू दे, मी करतो," नवरा बाहेरून म्हणाला, इतक्या मायेने की तिला रडू आलं, आणि रडायचीही आता चोरी होती.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गिटार पाठीवर घेऊन दुकान गाठलं. नवऱ्याला सांगितलं नाही. दुकानात तोच माणूस होता, केस मागे बांधलेला, बोलका. त्याने गिटार हातात घेतली, बंदुकीचा नेम धरावा तशी डोळ्यासमोर आडवी धरून मानेवरून नजर फिरवली, एक पट्टी ठेवून बघितली. "मान सरळ आहे मॅडम, एकदम." मग त्याने वायर खुपसली आणि भराभर काहीतरी वाजवलं, तिला जन्मात येणार नाही असं, खिडकीच्या काचा हलतील इतक्या मोठ्याने. "कुठेय आवाज?" ती म्हणाली, वायर काढून वाजवा, हळू, हा एकच सूर. त्याने वाजवला. मागे दोघं जण एक ड्रम तपासून बघत होते. पलीकडे कुणीतरी पेटीचं खोकं फरशीवरून ओढत होतं. ती कान टवकारून वाकली, आणि तिला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. "आलं का?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली असती तर खोटं झालं असतं, आणि नाही म्हणाली असती तर सगळंच संपलं असतं. "मॅडम, नवीन वाद्याचं असंच होतं," तो म्हणाला, "आपण फार बारकाईने ऐकतो. आठवडाभर ठेवून द्या, विसरून जाल." ड्रमवाल्यांपैकी एक जण तिच्याकडे बघत होता. तिने घाईघाईने गिटार पिशवीत कोंबली, चेन अर्ध्यात अडकली, ती तशीच बाहेर पडली.

घरी जायची बस समोर उभी होती. ती चढली नाही. तिच्या मागून आलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी बस तिने पकडली आणि खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ही दादाच्या घराकडे जाते. बाबा गेल्यापासून आई दादाकडेच होती. ती दर पंधरवड्याने जायची, फळं न्यायची, तासभर बसायची. आई बरी असायची, म्हणजे शांत असायची. तिथे जाऊन काय विचारायचं हे तिने ठरवलं नव्हतं. आई, वेड लागायला लागतं तेव्हा सुरुवात कशी होते? असं कुणी आईला विचारतं का? बस प्रत्येक गतिरोधकावर आपटत होती आणि दर वेळी पाठीशी टेकवलेल्या गिटारच्या पोटातून तारा एकदम कुजबुजत होत्या. पुढच्या बाकावरचा म्हातारा मागे वळून बघून हसला. त्याला ऐकू आलं, हे बघून तिला केवढा तरी धीर आला, आणि त्या धीराचीच लाज वाटली.

दार वहिनीने उघडलं. वहिनी शाळेत शिकवायची. जेवणाच्या टेबलावर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे पसरलेले होते आणि तिच्या बोटांना लाल शाई लागलेली होती. आई खिडकीजवळच्या पलंगावर बसून मटार सोलत होती. तिने वर बघितलं. "हे काय पाठीवर? कुणाला पळवून आणलंस?" आईला अशी लहर क्वचित यायची. वहिनी हसली, तीही हसली, आणि मग काढून दाखवण्यावाचून इलाज राहिला नाही. तिने पलंगाच्या कडेला बसून गिटार मांडीवर घेतली. खोली शांत होती. वरती पंखा तेवढा फिरत होता. तिने तो सूर काढला, आणि आत ते थरथरलं. स्पष्ट. दुकानात हरवलेलं ते परत आलेलं ऐकून तिला आनंद झाला की भीती वाटली हे तिलाच कळेना.

"छान आहे गं," वहिनी म्हणाली. "पण एवढा बारीक आवाज?"

"काही खटकतंय का ह्यात? आत काही वाजल्यासारखं?"

वहिनीने डोकं हलवलं. "आम्हाला काय कळतंय त्यातलं."

"आई, तुला?"

"नाही बाई," आई म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही."

हे ती इतक्या चटकन म्हणाली की सूर अजून पुरता विरलाही नव्हता. उत्तर देताना तिने गिटारकडे बघितलं नाही, वहिनीकडे बघितलं. पाठ केलेलं उत्तर बाईंसमोर म्हणून दाखवावं आणि मग बाईंचा चेहरा बघावा, तसं. वहिनीचं लक्षही नव्हतं. आत कुकरची शिट्टी झाली तशी ती उठून गेली. आईने मटाराची परात बाजूला सारली, हात रुमालाला पुसले आणि पुढे सरकली.

"पंखा बंद कर," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि पुन्हा वाजव. तेच."

तिने पंखा बंद केला, वाजवलं. आईने डोळे मिटले नाहीत, कानही पुढे आणला नाही. तिने आपला तळवा गिटारच्या मानेच्या पाठीवर ठेवला, ताप बघताना ठेवतात तसा, आणि तो हळूहळू सरकवत नेला. अर्ध्या वाटेवर थांबली. "इथं आहे," ती म्हणाली. "वाजव. हं. इथं. आत काहीतरी सुटं आहे."

"तुला ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? मघाशीच आलं."

"मग नाही का म्हणालीस?"

आईने दाराकडे बघितलं. "सवय," ती म्हणाली, आणि तिची बोटं पुन्हा मानेवर जागा शोधायला लागली, जणू तो विषय तिथेच संपला होता.

सुटं काय असणार? लाकूड अखंड होतं. त्याच्या आत होती ती एकच सळई. तिने पिशवीच्या कप्प्यातून चावी काढली, प्लास्टिक दाताने फाडलं. जास्त पिळली तर मान कामातून जाते. चावी भोकात शिरताना दोनदा निसटली. मग आत कुठेतरी ती बसली. आईने तळवा त्याच जागी घट्ट धरून ठेवला होता. तिने जपून, अगदी जपून चावी वळवली आणि चावी अलगद फिरली. कशालाही न लागता, कशालाही न धरता. मोडली. नवीकोरी गिटार, आणि आपण आईच्या पलंगावर बसून मोडली. नवरा काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू आलं: काही म्हणणार नाही तो, खांद्यावर हात ठेवेल. "थांबू नकोस," आई म्हणाली. "ते अजून लागलेलं नाही कुठे."

"जास्त झालं तर तडकेल गं ती."

"जास्त झालं तर हाताला कळेल की. फिरव तू."

तिने अजून थोडी वळवली. अजून केसभर. आणि मग चावीखाली काहीतरी आलं, नरम आणि ठाम, अंधारात पायाखाली जमीन यावी तसं. त्याच क्षणी आई म्हणाली, "लागलं." दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिने त्यापुढे तसूभरच पीळ दिला, इतकाच, की धरलेलं सुटू नये. आणि चावी बाहेर काढली. पहिल्यांदा तार नीट दाबलीच गेली नाही. दुसऱ्यांदा सूर निघाला. एकटा. त्याच्या आत कुणी नव्हतं. तिने तो पुन्हा काढला, जाड तारेवर काढला, जोराने काढला, नखाने काढला. आई मान डोलवत राहिली. "गेलं," ती म्हणाली. "बरं झालं. फार चिडवतं असलं काही."

बाहेर दुपार कलली होती, पलंगावर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. आईने परात पुन्हा मांडीवर ओढली आणि शेंगा सोलायला लागली. जणू सगळं आटोपलंच होतं. पण तिला उठवेना. "आई," ती म्हणाली, "तो भिंतीतला आवाज. त्या जुन्या घरातला."

"हं."

"तो कधी थांबला?"

"घर सोडलं तेव्हा."

तिला वाटलं आई विसरली, घोटाळा करतेय. ते घर त्यांनी सोडलं तेव्हा ती स्वतः कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. डॉक्टर, रिबीन, बरी झाली अगदी, हे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं. "पण गोळ्या सुरू झाल्यावर तर..."

"गोळ्यांनी झोप यायची," आई म्हणाली. "गोळ्यांनी आवाज कसा जाईल? तो भिंतीत होता."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझे बाबा इतके खूश होते." एक दाणा उडून खाली गेला, आई तो शोधायला वाकली. "आणि नंतर नंतर वाटायला लागलं, की असेल बाई, आपलंच चुकत असेल. सगळ्यांना येत नाही म्हणजे... पण नव्या घरात गेलो तशी पहिल्याच दिवशी शांत. तेव्हा कळलं. तोवर कोण विचारत होतं?" हे सगळं आई कुरकुर न करता सांगत होती, कधीकाळी राहिलेल्या गावाची हकिकत सांगावी तसं. आणि तिला मात्र समोरच्या सुरकुतलेल्या हातांकडे बघवेना. एवढी वर्षं ही बाई रोज भिंतीतला आवाज ऐकत होती, रोज गोळी घेऊन झोपत होती आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर बरी होऊन उठत होती.

पिशवीतला फोन वाजला. नवरा होता. "कुठे आहेस? कचेरीत केला फोन, म्हणाले अर्धी रजा. मी घाबरलो."

"आईकडे आहे. गिटार दुरुस्त झाली."

"काय झालं होतं?"

"आतली सळई सैल होती. लाकडात हलत होती."

"म्हणजे होतं काहीतरी."

"होतं."

"मला खरंच नव्हतं गं ऐकू आलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिला खरंच माहीत होतं. तो खोटं बोलला नव्हता, बाबाही खोटं बोलले नव्हते. "गुरुवारी कान दाखवून येऊ. त्यापुढे कुणाकडे मी येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, पडलेल्या आवाजात, "बरं, बरं."

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी डब्यांची झाकणं लावत होती. आईला अजून गोळी देता का, असं तिने विचारलं. "ती? देतो की," वहिनी म्हणाली. "रात्रीच्या जेवणानंतर. ती घेतली की लगेच झोप लागते त्यांना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालू आहे. ह्यांनी सांगितलं होतं, ती चुकवायची नाही." वहिनीने हात थांबवून तिच्याकडे बघितलं. "का गं? काही म्हणाल्या का?" ती वळून बाहेर पडली. गॅलरीत गेली, दार मागे ओढून घेतलं आणि दादाला फोन लावला. तो कामात होता, मागे माणसांचे आवाज होते, कुणीतरी त्याला काहीतरी सही करायला सांगत होतं. दादा लहानपणापासून असाच, सगळं बिनबोभाट पार पाडणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आईला त्याने सांभाळलं होतं. तिच्याहून जास्त सांभाळलं होतं.

"बोल," तो म्हणाला, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. दादा, ती पहिल्यापासूनच बरी होती."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. गिटारपासून सुरुवात केली, मग ते हास्यास्पद वाटलं म्हणून मध्येच सोडून भिंतीवर आली, घर सोडलं त्या दिवसावर आली. गोळी एकाएकी बंद करायची नाही, पण चांगल्या डॉक्टरला विचारायचं, पहिल्यापासून सगळं सांगायचं, असं म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज चढला. मग तिला वाटलं फोन कट झाला. पलीकडे माणसांचे आवाज बंद झाले होते. तो कुठेतरी बाजूला गेला असणार, जिन्यात नाहीतर खोलीत, दार लावून.

"दादा?"

"आहे मी."

"तुझं काय म्हणणं आहे?"

मग तो बोलला, इतक्या खालच्या आवाजात की दुसऱ्या कुणी कागदावर उतरवलं असतं तर तिथे अस्पष्ट लिहिलं असतं. तिला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला.

"मला पण यायचा तो आवाज."

तिने गॅलरीचा कठडा धरला. खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"तिला घेऊन गेले होते ना," दादा म्हणाला. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला तिचा भाऊ शाळेतल्या मुलाच्या आवाजात बोलत होता. "ती कशी होऊन आली ते बघितलं होतं मी. मला वाटलं, आता आपली पाळी. मी झोपताना कानात बोटं घालायचो. मला अजून..." तो थांबला. "मला अजून पंख्याशिवाय झोप येत नाही. काहीतरी मोठ्याने वाजत असावं लागतं."

तिला रागवायचं होतं. राग आलाही होता, पण तो टिकला नाही. कपाटामागे धुळीत उभी असलेली ती स्वतः तिला दिसली, काहीच ऐकू न आलेली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला हातात पेला घेऊन उभा असलेला दादा, सगळं ऐकू आलेला.

"हे मी तिला सांगणार नाही," ती म्हणाली. "तूच सांगायचं. आजच."

"मला उशीर होतो गं. मी येईपर्यंत ती झोपलेली असते."

"मग गोळीच्या आधी ये."